किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण रात्री दोन वाजता मशीन अडकलं की तोंडातून 'आई गं!' हेच निघतं, म्हणून हा लेख मराठीतच.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनस टॉरवल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीला शिकत असताना लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. तो उतरवून आपल्याला हवा तसा कर्नल बांधता येतो. मिनी प्रोजेक्टसाठी मी हेच निवडलं.

'मेक मेनूकॉन्फिग' ही कमांड दिली की एक मेनू उघडतो. बहुतेक ड्रायव्हर्सपुढे तीन पर्याय असतात. 'वाय' म्हणजे कर्नलमध्येच कायमचं बसवा. 'एन' म्हणजे वगळा. 'एम' म्हणजे मॉड्यूल करा. मॉड्यूल ही डिस्कवरची वेगळी फाइल; गरज पडली की ती चालू कर्नलमध्ये चढवता येते, रीस्टार्टची गरज नाही. आपली निवड 'डॉट कॉन्फिग' या फाइलमध्ये साठते. मग 'मेक' दिलं की कंपायलर कामाला लागतो आणि आपण चहाला जायचं!

आता माझा शहाणपणा ऐका. कर्नल लहान हवा म्हणून मी दिसेल त्याला 'एम' केलं. त्यात डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर आला आणि ईएक्सटी-४ फाइल सिस्टिमही. इनिटरॅमएफएसची सोय तर 'एन' करून काढूनच टाकली. रीबूट केलं आणि स्क्रीनवर कर्नल पॅनिक! रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी सबमिशन आणि रिपोर्ट त्याच डिस्कवर. मी रडायचीच बाकी होते.

झालं काय होतं? डिस्क वाचायची तर ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हरची फाइल ठेवली होती त्याच डिस्कवर. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावल्यासारखं! इनिटरॅमएफएस हे काम ह्यासाठीच करतं. बूटलोडर ही छोटी फाइल सिस्टिम कर्नलबरोबर मेमरीत आणतो आणि सुरुवातीला लागणारी मॉड्यूल्स त्यातून मिळतात. म्हणजे जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे.

नशीब, मी जुना कर्नल काढला नव्हता. ग्रबच्या मेनूतून तो निवडला आणि मशीन सुरू झालं. आधी रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेतला! मग दोन्ही ड्रायव्हर्स 'वाय' केले, इनिटरॅमएफएस परत चालू केलं आणि पुन्हा 'मेक'. बदललेला भागच नव्याने कंपाइल होतो, त्यामुळे या खेपेला वेळ कमी लागला.

व्हायव्हाला सरांनी विचारलं, "सगळंच मॉड्यूल का नाही करायचं?" पाठ केलेलं उत्तर द्यावं लागलं नाही.

तुम्ही करणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. जुना कर्नल काढू नका. 'डॉट कॉन्फिग'ची कॉपी ठेवा. आणि प्लीज, सबमिशनच्या आदल्या रात्री करू नका!