मालक बदलला, प्रणालीचे काय?

एखादी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली की खातेदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ठेवीचा. विलीनीकरणाच्या योजनेनुसार ठेवीचे दायित्व नव्या बँकेकडे जाते आणि शंका मिटते. संगणकप्रणाली घडविणाऱ्या कंपनीची मालकी बदलली, तर मात्र उत्तर इतके सरळ नसते. ‘ओरॅकल’ व ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ यांचा व्यवहार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

ओरॅकलने सुमारे ७४० कोटी डॉलर्सना सन ही कंपनी विकत घेण्याचा करार २० एप्रिल २००९ रोजी जाहीर केला. सनकडे मायएसक्यूएल, ओपनऑफिस व ओपनसोलारिस या मुक्तस्रोत प्रणाली होत्या. जिची मूळ आज्ञावली कोणासही पाहता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. डेटाबेसच्या क्षेत्रात मायएसक्यूएल ही ओरॅकलचीच स्पर्धक असल्याने युरोपीय आयोगाने सखोल चौकशी आरंभिली. डिसेंबर २००९ मध्ये ओरॅकलने मायएसक्यूएलविषयी दहा आश्वासने दिली व जानेवारी २०१० मध्ये आयोगाची मान्यता मिळाली.

पुढे तिन्ही प्रणालींच्या वाटा भिन्न झाल्या. मायएसक्यूएल ओरॅकलने चालू ठेवली. तथापि तिचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याच आज्ञावलीवर ‘मारियाडीबी’ उभी केली होती. ओपनसोलारिसचा प्रकल्प २०१० मध्ये गुंडाळला गेला. तिचा वारसा ‘इल्युमॉस’ने पुढे नेला. ओपनऑफिसच्या अनेक कार्यकर्त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये ‘लिबरऑफिस’ जाहीर केले, तर मूळ ओपनऑफिस २०११ मध्ये अपाचे संस्थेकडे गेले.

यातून परवाना, नाव आणि विकासाची इच्छा या तीन गोष्टींतील भेद स्पष्ट होतो. एकदा दिलेला मुक्त परवाना नवा मालक सहसा मागे घेऊ शकत नाही. नाव मात्र मालकाचेच राहते. म्हणूनच वेगळे झालेल्यांना नवी नावे घ्यावी लागली. आणि प्रणाली पुढे विकसित करण्याचे बंधन परवाना कोणावरही घालीत नाही.

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. अशा प्रणालीची निवड करताना केवळ ‘विनामूल्य’ हा निकष पुरेसा नाही. विकास एकाच कंपनीच्या हाती आहे की अनेकांच्या, सुरक्षाविषयक सुधारणा नियमित मिळतात का आणि आपली माहिती दुसऱ्या प्रणालीत सुखरूप नेता येईल का, हे आधी तपासावे. ठेव स्वीकारणाऱ्या संस्थेची पारख जितकी आवश्यक, तितकीच माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीचीही.