साका धरलेला हापूस आणि जुनी मोटार

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी जॉर्ज ॲकरलॉफ यांचा निबंध शिकवावयास घेतला, तेव्हा वर्गात खसखस पिकली. एवढ्या मोठ्या विद्वानाने निबंध लिहावा, आणि तो कशावर, तर जुन्या मोटारींच्या बाजारावर! मी मात्र हसले नाही. त्याच बाजाराने आमच्या घराचे स्वास्थ्य हिरावून घेतले होते आणि असे का झाले याचे उत्तर मी शोधत होते. ते उत्तर अमेरिकेत १९७० सालीच छापून झाले होते, हे मला त्या दिवशी कळले.

निबंधाचा गाभा अगदी साधा आहे. जुनी मोटार विकणाऱ्याला तिचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला ते ठाऊक नसतात. बाहेरून चकचकीत पण आतून बिघडलेल्या गाडीला अमेरिकेत बोलीभाषेत 'लेमन' म्हणतात. आपण 'खटारा' म्हणतो, परंतु तो शब्द येथे चालत नाही, कारण खटारा लांबूनच ओळखू येतो. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे तो 'साका'. कोकणातून वाशीच्या फळबाजारात येणारा हापूस वरून पिवळाधमक असतो, वासही येतो, आणि कापल्यावर बाठ्याजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा निघतो. कापल्याशिवाय साका कळत नाही आणि कापलेला आंबा परत करता येत नाही. जुन्या गाडीचे असेच आहे.

आता समजा, नेरूळमध्ये एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दहा गाड्या विकावयाच्या आहेत. पाच चांगल्या, त्यांची खरी किंमत तीन लाख. पाच साका धरलेल्या, त्यांची एक लाख. कोणती कशी हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी धरून दोन लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, दोन लाखांना देण्यापेक्षा मीच वापरीन, आणि तो बाजारातून उठतो. मागे वाईट गाड्याच उरतात. गिऱ्हाइकाला हे उमगले की भाव एक लाखावर येतो. कोणी लबाडी केली नाही तरीसुद्धा चांगला माल बाजारातून हाकलला जातो! यात प्रामाणिक विक्रेत्याचेही नुकसान होते, कारण त्याच्या खरेपणावर विश्वास ठेवावयास कोणी तयार नसते.

हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. एकाचे म्हणणे, हे फारच क्षुल्लक आहे. पुढे २००१ साली ॲकरलॉफ यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७-६८ च्या सुमारास ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि निबंधात हिंदुस्थानातले सावकार येतात, तसेच भेसळीचे खडे तांदळातून निवडणारी आपली गृहिणीही येते. माझी आजी सूप घेऊन ओसरीवर जे काम करीत असे, त्याला अर्थशास्त्रात मानाचे स्थान आहे, हे वाचून मला मौज वाटली.

येथे एक शंका माझ्या मनात आली. परवान्यांच्या काळात आपल्याकडे जुन्या गाडीचा भाव पडत नसे, उलट चढत असे. बाजारात गाड्या मुख्यतः तीन : ॲम्बॅसडर, स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात कुर्ल्याला तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून हाती असलेल्या गाडीला नव्याहून जास्त पैसे मोजणारे लोक होते. मग तेव्हा साका नव्हता काय? होता. परंतु एक तर टंचाईपुढे गुणदोष गौण ठरत आणि दुसरे असे, की तीनच जातींच्या गाड्या असल्यामुळे कोपऱ्यावरचा मिस्त्री नुसता आवाज ऐकून दुखणे सांगत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, आणि गाडीचा अंतर्भाग मिस्त्रीच्या कानापलीकडे गेला. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा अनेकांनी हळहळून लिहिले. त्यांच्याबरोबर एक ओळखीचे यंत्रही गेले, एवढे मी त्यात घालीन.

आता आमच्या घरची हकिगत.

आमची गाडी २०१० सालची वॅगन आर, क्रमांक एम.एच. ४३ म्हणजे वाशीच्या परिवहन कार्यालयाचा. २०१९ च्या पावसाळ्यात सोसायटीच्या खोलगट पार्किंगमध्ये पाणी भरले आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. दुरुस्ती झाली, गाडी चालूही लागली, पण दमट दिवसांत विजेच्या तारा काहीतरी खोड्या करीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाबांनी ती विकावयास काढली. पहिले गिऱ्हाईक कामोठ्याचे एक शिक्षक, पत्नीला घेऊन आलेले. बाबांनी चहा होण्यापूर्वीच पाण्याची गोष्ट सांगून टाकली. शिक्षकांनी आभार मानले, दुसऱ्या दिवशी चाळीस हजार कमी सांगितले आणि मग फोन उचलणे बंद केले. दुसरे गिऱ्हाईक तर चहाला थांबलेच नाही. "एवढं आपणहून सांगतात, म्हणजे न सांगितलेलं किती असेल!" असे ते जिन्यात म्हणाले, ते मी ऐकले.

तिसऱ्या खेपेस एक दलाल आला. त्याने काही विचारले नाही. बाबा सांगू लागले तर म्हणाला, "साहेब, मला सांगू नका. मला माहीत असलं तर मलाही पुढे सांगावं लागेल." या एका वाक्यात ॲकरलॉफ यांचा अर्धा निबंध आहे, असे मला आज वाटते. एक लाख पस्तीस हजारांवर सौदा ठरला. त्याने फॉर्म २९ आणि ३० पुढे केले, घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. बाबांनी सह्या केल्या. चॅसीस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा काढतात, तो मीच काढून दिला. किल्ली गेली, गाडी गेली. गाडी ताब्यात दिल्याची साधी पावतीही आम्ही घेतली नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. दलाल तसे करीत नाही, कारण खरे गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी कोणाच्याच नावावर करावयाची नसते. कोरा फॉर्म त्याच्याकडे पडून राहतो आणि गाडी मधल्यामध्ये फिरते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ज्याचे नाव नोंदवहीत तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच स्पष्ट केले : गाडी चार हात बदलून गेली असली, तरी अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावर येते. जखमी माणसाने मालकांची साखळी शोधत हिंडावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्यामागील कारण. कारण योग्यच आहे. परंतु ते आपल्या घराच्या दारात उभे राहते तेव्हा वेगळे दिसते.

प्रथम बाबांच्या मोबाइलवर दंडाचे संदेश येऊ लागले; गाडी द्रुतगती मार्गावर वेगाने धावत होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोलीस ठाण्यातून फोन आला. गाडीने एका सायकलस्वाराला उडवले होते, त्याचा पाय मोडला होता, चालवणारा पळाला होता. आमचा विमा मेमध्येच संपला होता आणि पुढे कोणी भरला नव्हता. दलालाचा फोन बंद. त्याच्या गाळ्यात आता पडद्यांचे कापड मिळते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. एवढेच सांगते, की तारखेला तो सायकलस्वार कुबडी घेऊन येतो आणि बाबा त्याला बाकावर जागा करून देतात.

१ एप्रिल २०२३ पासून नियम बदलले आहेत. आता जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावयाचे आणि गाडी ताब्यात आली की ती सूचना फॉर्म २९-सी द्वारे द्यावयाची. तेथून तोच मालक मानला जातो. आमची गाडी त्याच्या चौदा महिने आधी गेली! मारुतीने २००१ पासून आपल्या तपासलेल्या जुन्या गाड्या हमीसह विकावयास आरंभ केला, तोही साक्यावरचाच उपाय. वाईट गाडीवर हमी देणे विक्रेत्याला परवडत नाही, म्हणून हमी हीच खूण ठरते. पण हमीचे पैसे भावात येतात, आणि ज्याला स्वस्त गाडी हवी तो पुन्हा दलालाकडेच जातो.

गेल्या महिन्यात पनवेलच्या मामाला गाडी घ्यावयाची होती, तेव्हा तो बाबांना बरोबर घेऊन गेला. मीही गेले. कोपरखैरण्याच्या एका इमारतीखाली एक गृहस्थ स्वतःची गाडी विकत होते. बाबांनी थंड इंजिन सुरू करावयास लावले, तेलाची काडी काढून तेल दुधाळ झाले आहे का ते पाहिले, टायरवरचा आठवडा व वर्षाचा आकडा वाचला, किलोमीटर कमी आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत असे तर नाही ना ते पाहिले. बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र व फॉर्म ३५ मागितला. शेवटी सीटचा पट्टा मुळापासून पूर्ण ओढून बाहेर काढला. तळाशी मातकट रंगाची एक रेघ होती.

"पाणी शिरलं होतं का हो?" बाबांनी विचारले.

गृहस्थांनी पट्ट्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. "हो," ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी. सांगणार होतो."

मामाने माझा हात ओढला, चल म्हणून. बाबा मात्र गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून बसले आणि म्हणाले, "बरं. मग आता किंमत बोलू. आणि परिवहन कार्यालयात आपण दोघंही जायचं, एकाच दिवशी."