परसातला गांजा: एका झाडाचा पुरा हिशेब

कुंडी, माती, शेणखत आणि मोबाइलवरचे फुकटचे व्हिडिओ. घरच्या घरी गांजाचं रोप वाढवायला लागणारा खर्च बहुतेक जण एवढाच धरतात. रोप उगवलं, आता शेंड्याला फूल येईपर्यंत धीर धरायचा, बाकी काही नाही, असा हा हिशेब. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये त्याला आणखी एक आधार मिळतो: मुंबईकराचं घर वर्षातले दहा महिने बंद, वाडीला गडगा, मागे डोंगर. कोण बघायला येतंय?

हा हिशेब अर्धाच आहे. उरलेला अर्धा इथे मांडला आहे. परसात असं झाड असेल, भावकीतल्या कुणी लावलं असेल किंवा नुसता संशय असेल, तर आधी हे वाचा.

फुलापाशीच कायदा का अडतो

एकेकाळी ही लागवड सरकारी परवान्यावर चालत असे. मुंबई इलाख्यात नगर आणि साताऱ्याकडच्या शेतांत गांजा पिकायचा, सरकार त्यावर कर घ्यायचं. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने या सगळ्या व्यवहाराची तपशीलवार नोंद केली आहे. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यालाच आपण एनडीपीएस म्हणतो.

या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बी या व्याख्येत बसत नाहीत. यावरून पुष्कळ जण परस्पर निष्कर्ष काढतात की फूल येईपर्यंत आपण सुरक्षित. तसं नाही. गांजा बाळगणं हा एक गुन्हा आणि झाडाची लागवड हा दुसरा. लागवडीचा गुन्हा रोप लावलं तेव्हाच घडतो, ते वीतभर असो की पुरुषभर. फूल आलं की गांजा बाळगल्याचा आरोपही त्यात मिळतो. ज्या आठवड्यांत हौशी माणूस धीराने वाट बघतो, त्याच आठवड्यांत त्याचं देणं वाढत जातं.

दंड आणि शिक्षा

लागवड (कलम २० (अ)): १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. एक झाड की शंभर, याने कलम बदलत नाही. ‘अल्प प्रमाण’ ही सवलत लागवडीला लागू नाही.

गांजा बाळगणं, १ किलोच्या आत: १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

१ किलोपासून २० किलोपर्यंत: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.

२० किलोच्या वर: किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं, दंड १ ते २ लाख. इथे जामीनही फार अवघड.

गांजाचं सेवन (कलम २७): ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता तुलना करा. कुणाकडून तरी पुडी घेऊन ओढणाऱ्याला सेवनाबद्दल जास्तीत जास्त सहा महिने, पुडी बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत. ‘विकत घेणं नको, आपलं आपण उगवू’ म्हणणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत. व्यसन असलेला माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला, तर कलम ६४-अ त्याला खटल्यातून सूट देऊ शकतं. पण ती सूट सेवन आणि अल्प प्रमाणापुरती आहे. झाड लावणाऱ्याला ती मिळत नाही.

झाड कुणाचं? सातबारा कुणाचा?

या दोन तालुक्यांत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इथल्या सातबाऱ्यावर एक नाव क्वचित सापडतं. आजोबा वारलेले, चुलते मुंबईत, एक भाऊ सुरतेला, एक आखातात, आणि वाडी राखायला म्हातारी आई किंवा पगारी गडी. झाड लावतो पुतण्या, पण पोलीस आल्यावर दारात उभी असते चुलती.

नुसतं सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. मात्र माहीत असून गप्प बसणं हा गुन्हा आहे. आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड झाल्याचं कळलं, तर जमीनधारकाने लगेच पोलिसांना कळवलं पाहिजे (कलम ४६). घर किंवा जागा जाणूनबुजून अशा कामाला दिली, तर कलम २५ लागतं. रायगडाच्या वाटेवर किंवा आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी होमस्टे चालवणाऱ्यांनी हे कलम लक्षात ठेवावं.

गावच्या कारभाऱ्यांवरही जबाबदारी आहे. सरपंच, पंच आणि गावातला कोणताही अधिकारी यांना अशी लागवड समजली तर त्यांनी तातडीने कळवायचं असतं. टाळाटाळ शिक्षापात्र आहे (कलम ४७). त्यामुळे ‘सरपंच आपलाच आहे’ या भरवशाला काही अर्थ नाही.

शिवाय आपण कसलेल्या जमिनीत झाड सापडलं, तर ते तिथे का होतं याचं समाधानकारक उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं (कलम ५४). एरवी फौजदारी खटल्यात सिद्ध करायचा भार सरकारवर असतो. इथे त्यातला मोठा वाटा आरोपीवर येतो.

पावती न मिळणारा खर्च

वकील: दर ठरलेला नाही. म्हणून आधीच तीन आकडे वेगवेगळे विचारा: जामीन अर्जाचे किती, आरोपपत्रापर्यंतचे किती, पुऱ्या खटल्याचे किती. ‘सगळं मिळून बघू’ हे उत्तर घेऊ नका. दिलेल्या पैशांची पावती मागा.

मोफत वकील: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. खर्च शून्य.

हेलपाटे: इतक्या शिक्षेचा खटला महाड किंवा पोलादपूरच्या तालुका न्यायालयात निकाली निघत नाही. तो वरच्या न्यायालयात जातो, माणगावला किंवा अलिबागला. पोलादपूर ते माणगाव सुमारे ४५ किलोमीटर, अलिबाग शंभराच्या पुढे. एका तारखेला आरोपी, जामीनदार आणि सोबतीचा एक, अशी तीन माणसांची रोजी बुडते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीच्या वरच्यांना प्रवास फुकट, एवढाच काय तो दिलासा.

जामीनदार: मालमत्तेची कागदपत्रं असलेला माणूस लागतो. सातबारा सामाईक असेल तर अडचण होते आणि भावकीत शब्द टाकावा लागतो.

नोकरी आणि पासपोर्ट: महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंपनी चारित्र्य पडताळणी मागते, तेव्हा प्रलंबित गुन्हा समोर येतो. छत्तीस पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये आहे, पण फौजदारी खटला चालू असेल तर न्यायालयाची परवानगी आणल्याशिवाय तो मिळत नाही. ज्या घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते, त्यांच्यासाठी या यादीतला सगळ्यात मोठा आकडा हाच.

‘पण परदेशात तर चालतं’

चालतं, तिथल्या हद्दीत. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडं ठेवता येतात. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घराला चार. टोरंटोचा भाचा व्हिडिओ कॉलवर दाखवतो ते झाड तिथे कायदेशीर आहे. त्याने सांगितलेली युक्ती इथे बिरवाडीत किंवा कापड्यात केली तर गुन्हा.

आपल्याकडे उत्तराखंडने औद्योगिक भांगेच्या, म्हणजे धाग्यासाठी आणि बियांसाठी घेतल्या जाणाऱ्या कमी नशेच्या वाणाच्या लागवडीला परवाने दिले आहेत. महाराष्ट्रात हौशी माणसाला घरगुती लागवडीचा परवाना देणारं एकही कार्यालय नाही. ‘परवाना काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा. सातपुड्यात, शिरपूर तालुक्यात, मका-कापसाच्या आड लावलेली शेतं पोलीस वारंवार उपटून टाकतात; आडवाट आणि डोंगर यांचा आडोसा तिथेही कामी येत नाही.

दुकानात मिळतं, मग लावायला काय हरकत?

भांगेच्या बिया: खाद्य म्हणून त्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली. पाकीट विकत घ्या, खा. मातीत पेरल्या की लागवड झाली.

पानांची भांग: एनडीपीएसच्या गांजात ती येत नसली तरी महाराष्ट्रात दारूबंदी कायदा तिला लागू आहे, आणि त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. होळीच्या ठंडाईसाठी झाड लावलं, ही सबब टिकत नाही.

विजया (म्हणजे भांग) असलेली औषधं: झोप, दुखणं यासाठी आयुर्वेदात तिचा वापर आहे. परवानाधारक कंपनीचं औषध वैद्यांच्या चिठ्ठीवर घेता येतं. घेण्यापूर्वी वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक आहे का ते बघा. तपासणीची फी आणि महिन्याच्या औषधाची किंमत वेगवेगळी विचारा. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. दुखण्यासाठी झाड वाढवण्याचा विचार असेल, तर हाच त्यातला कायदेशीर रस्ता.

आधी ओळख पटवा

पावसाळ्यात फोन येतो, ‘वाडीत गांजा उगवलाय’. पुष्कळदा ती अंबाडी असते. भाजीची अंबाडी आणि गांजा यांची बोटांसारखी फाटलेली पानं इतकी सारखी की अंबाडीचं शास्त्रीय नावच गांजाच्या झाडावरून पडलं आहे: हिबिस्कस कॅनाबिनस. फरक फुलात कळतो. अंबाडीचं फूल मोठं, फिकट पिवळं, मधे गडद तांबडं, भेंडीच्या फुलासारखं. गांजाच्या फुलाला डोळ्यात भरणाऱ्या पाकळ्याच नसतात. शेंड्याला हिरवे, चिकट, उग्र वासाचे झुबके येतात. ताग तर पूर्ण वेगळं पीक, त्याचा या कायद्याशी संबंध नाही.

झाड खरंच सापडलं तर

१. फोटो, व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकू नका. ‘कुणी नेत असेल तर न्या’ म्हणून देऊन तर मुळीच टाकू नका.

२. पोलीस पाटलाला सांगा आणि आपल्या हद्दीच्या ठाण्यात लेखी कळवा: महाड शहर, महाड तालुका, महाड एमआयडीसी किंवा पोलादपूर. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. लांब असाल तर ११२, किंवा अमली पदार्थांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९३३. खर्च शून्य.

३. मुंबईत राहत असाल तर गावी शेवटचे कधी आलात, वाडी कुणाच्या ताब्यात आहे, मजुरी कुणाला देता, हे सगळं तारखांसह लिहून ठेवा. पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

४. पोलीस झडतीला आले तर अडवू नका. पंचनाम्याची प्रत मागा. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याची मागणी करण्याचा हक्क आहे (कलम ५०). जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. अटक झाली तर कारणं लेखी मागा. न वाचता सही नको.

५. वजन कशाचं केलं ते बघा. मुळं, माती, खोड आणि ओली पानं यांसकट झाड तराजूवर गेलं तर आकडा फुगतो, आणि वजनावरच बाळगण्याचं कलम ठरतं. पंचनाम्यात शेंडे वेगळे मोजले की नाही, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

६. ‘इतके द्या, मिटवून टाकतो’ म्हणणारा मध्यस्थ आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. लाच देणं हाही गुन्हा आहे आणि त्याने मूळ गुन्हा पुसला जात नाही. ‘तुमच्या पार्सलमध्ये गांजा सापडला, डिजिटल अरेस्ट झाली’ असा फोन आला तर तो चोराचा आहे; कायद्यात अशी अटक नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा.

लावणारा घरातलाच असेल तर

पोरगा विशीतला, कॉलेज सुटलेलं, रात्र-रात्र जागा. झाड त्यानेच लावलंय. अशा वेळी आधी वकिलाला गाठा, तोही गावातल्या चारचौघांना विचारण्याआधी. कळवायचं कसं आणि कुणी, हे त्याच्या सल्ल्याने ठरवा. दुसरं काम डॉक्टरांचं. टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत. सरकारी उपचारासाठी अलिबागचं जिल्हा रुग्णालय. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे. कोणत्याही खासगी केंद्रात भरती करण्याआधी महिन्याचा एकूण खर्च, त्यात औषधं धरली आहेत की नाहीत, आणि पेशंट मधेच निघाला तर किती पैसे परत, हे लेखी घ्या.

गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाल तेव्हा घराच्या मागे, गोठ्याच्या आडोशाला आणि गच्चीवरच्या कुंड्यांत एक फेरी मारा. वाडी राखणाऱ्या गड्याला आणि सहहिस्सेदारांना हे कलम तोंडी समजावून सांगा. झाड अजून फुललेलं नसेल तर देणंही अजून कमी आहे. ते फेडायचं असेल तर फुलाची वाट बघू नका.