पिशवी काढली, पण बीजांडकोश?

गेल्या महिन्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एक ऊसतोड करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या. वय बेचाळीस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेले. थोरली बहीण पोटात पाणी होऊन गेली, तो बीजांडकोशाचा कर्करोग होता. "तुम्हालाही जपायला हवे," असे मी म्हणताच त्या हसल्या. "डॉक्टरसाहेब, पिशवी तर कवाच काढली. आता तिथं राहिलंय काय?"

हा समज आपल्या जिल्ह्यात फार पसरला आहे, आणि त्याला कारणही आहे. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक! पस्तीस-चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ. "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" ही भीती अनेकींना घातली गेली होती.

आता नीट समजून घ्या. गर्भाशय म्हणजे पिशवी. तिच्या दोन बाजूंना बीजनलिका आणि बीजांडकोश असतात. पिशवी काढताना हे दोन्ही कधी काढतात, कधी ठेवतात. राहिले असतील तर त्यांचा कर्करोग होऊ शकतो. काढले असतील तर ती भीती जवळजवळ संपते. मात्र तरुणपणी विनाकारण काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

स्तनाचा आणि बीजांडकोशाचा संबंध काय? स्तनाचा रोग झालेल्या बहुतेक बायकांना दुसरा होत नाही, हे आधी सांगतो. पण काही घराण्यांत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांत दोष असतो आणि तो दोन्ही रोगांचे मूळ ठरतो. सर्वसाधारण शंभर बायकांत जन्मभरात एकीला-दोघींना बीजांडकोशाचा कर्करोग होतो. पहिल्या जनुकात दोष असेल तर सुमारे चाळीस जणींना, दुसऱ्यात असेल तर दहा ते वीस जणींना. दोष बापाकडूनही येतो, म्हणून आत्याचा आजार विचारायला विसरू नका. (आपल्याकडे आजारपणाचा इतिहास माहेरच्या बायकांपुरताच सांगतात!) पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, दोन्ही स्तनांत रोग, घरात पुरुषाला स्तनाचा किंवा कुणा स्त्रीला बीजांडकोशाचा कर्करोग, यांपैकी काही असेल तर जनुकतपासणीबद्दल कर्करोगतज्ज्ञांना विचारा. रक्त शक्यतो आधी रोग झालेल्या व्यक्तीचे तपासावे. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात या सल्ल्याची सोय आहे.

"मग दरवर्षी सोनोग्राफी करत जाऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांचा अभ्यास झाला आणि त्यांपैकी काहींची सोनोग्राफी व सीए-१२५ या रक्ततपासणीच्या आधारे वर्षानुवर्षे पाहणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला: या तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. जनुकदोष असलेल्या स्त्रीलाही नुसत्या तपासणीवर विसंबता येत नाही. तिला मुले झाल्यावर, दोषाच्या प्रकारानुसार पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, बीजनलिका व बीजांडकोश काढण्याचा सल्ला देतात. जी पिशवी धाकाने काढली जाते ती शस्त्रक्रिया आणि ही, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे आधी पुरावा असतो.

पोट सतत फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीला लागणे, असे दोन-तीन आठवडे रोज चालले तर ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका. टॅमॉक्सिफेन चालू असेल, पिशवी शाबूत असेल आणि पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात दाखवा. त्या औषधाने पिशवीच्या अस्तराचा कर्करोग क्वचित होतो.

त्या बाईंना मी आधी डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगितले. कारखान्यावर जाताना घर बंद असते, कागद कोपीत भिजतात, तरी पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ते सापडले. त्यावर एवढेच लिहिले होते: "गर्भाशय काढले." बीजांडकोशाचा उल्लेखच नाही. सोनोग्राफी केली, तर दोन्ही जागेवर होते. पुढच्या आठवड्यात त्या जनुकतपासणीसाठी निघाल्या आहेत, आणि बहिणीच्या मुलीलाही बरोबर नेणार आहेत.