लॅब्रॅडॉरचे पिल्लू : हडकुळे, बेताचे की लठ्ठ?

महाडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या बिरवाडीत आता बंगल्याच्या फाटकातूनच नव्हे, तर चाळीच्या ओट्यावरूनही लॅब्रॅडॉर कुत्रा शेपूट हलवताना दिसतो. स्वभावाने गरीब, मुलांशी खेळकर आणि शिकवाल ते शिकणारा म्हणून तो सर्वांना आवडतो. पण पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले, पाय लांब झाले, लहानपणचा गुबगुबीतपणा गेला, की शेजारी विचारतात, "काय हो, याला खायला घालता की नाही?" मालक ओशाळतो आणि दुसऱ्या दिवसापासून ताटलीत दोन मुठी भात जास्त पडू लागतो. याउलट गोल गरगरीत पिल्लू पाहिले की लोक म्हणतात, "वा, काय तब्येत आहे!" हे दोन्ही अभिप्राय बहुधा चुकीचे असतात. शंका मात्र रास्त आहे, म्हणून कुत्र्याचे वजन योग्य आहे की नाही हे घरच्या घरी कसे ओळखावे ते पाहू.

काटा काय सांगतो?

पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडॉर नराचे वजन साधारण २९ ते ३६ किलो व मादीचे २५ ते ३२ किलो असते. दोन महिन्यांचे पिल्लू साधारण ५ ते ७ किलोचे, तर सहा महिन्यांचे १८ ते २५ किलोचे भरते. हे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. आई-बापाची चण लहान असेल तर पिल्लूही लहान राहील, त्यात काही गैर नाही. एकदा केलेल्या वजनापेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा. दर पंधरा दिवसांनी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. पिल्लाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. पिल्लू उचलेनासे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यातील किंवा ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याकडील मोठा काटा वापरावा.

हाताची परीक्षा

काट्यापेक्षा आपला हात अधिक खरे सांगतो. लॅब्रॅडॉरचे केस दाट व दुपदरी असल्याने नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. म्हणून पुढील तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, बरगड्या. दोन्ही हातांचे अंगठे पाठीच्या कण्यावर ठेवून बोटे बरगड्यांवरून हलकेच फिरवा. आता तुलनेसाठी आपली मूठ वळा आणि मुठीच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवा. बरगड्या इतक्या टोकदार लागत असतील तर कुत्रा बारीक आहे. हात सरळ पसरून त्याच्या पाठच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडे जशी सहज कळतात, तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य आहे. आणि तळहाताच्या मांसल भागासारखे लागून हाडे शोधावी लागत असतील, तर चरबी वाढली आहे.

दुसरी, कंबर. कुत्रा उभा असताना वरून पाहा. बरगड्या संपल्यावर शरीर थोडे आत गेलेले दिसले पाहिजे. पाठ पाटासारखी सरळ रुंद दिसली तर वजन जास्त आहे.

तिसरी, पोटाची रेषा. बाजूने पाहिल्यास छातीपासून मागच्या पायांकडे पोट वर चढत गेलेले असावे.

पशुवैद्यक याच तपासणीवरून १ ते ९ असे गुण देतात. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. ४ किंवा ५ गुण उत्तम. पाच ते दहा महिन्यांचे पिल्लू उंच, लांबट आणि थोडे बेढब दिसते. बरगड्यांची परीक्षा ठीक असेल तर त्याची काळजी करू नये.

दोन वर्षांचा फरक

अमेरिकेत १९८७ साली ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. एकाच वेतातील भावंडांच्या २४ जोड्या केल्या. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले आणि जन्मभर तसेच ठेवले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे, तर जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले. खुब्याच्या सांध्याचे विकार व संधिवातही सडपातळ कुत्र्यांत कमी आणि उशिरा आढळले.

कारण समजण्यासारखे आहे. लॅब्रॅडॉरच्या हाडांची टोके साधारण वर्षभर कोवळी असतात. खुब्याचा सांधा ढिला असण्याचा दोष या जातीत आनुवंशिकही असतो. अशा कोवळ्या सांध्यावर जादा वजनाचा भार पडला की सांधा झिजतो. आठव्या महिन्यात "तब्येत" म्हणून कौतुक झालेला कुत्रा पुढे जिना चढताना थबकतो, ससा उडतो तसे दोन्ही मागचे पाय एकदम टाकून पळतो, बसल्यावर उठताना कण्हतो.

भूक म्हणजे गरज नव्हे

"पण तो सारखा मागतो," ही मालकाची नेहमीची अडचण. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो व पोट भरल्याची जाणीव त्यांना नीट होत नाही. खाण्याच्या या ओढीमुळेच हा कुत्रा चटकन शिकतो. पोलिसांच्या पथकांत त्याला मान आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटके शोधणारा 'जंजीर' लॅब्रॅडॉरच होता. म्हणून केविलवाण्या डोळ्यांकडे पाहून नव्हे, मापाने खाऊ घालावे.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा द्यावे. एकच वाटी मापाला ठेवावी. घरातील प्रत्येकाने स्वतंत्रपणे बिस्किट, पावाचा तुकडा, भाकरीचा कडा दिला तर त्याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. असा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा. नुसता दूधभात हा पूर्ण आहार नव्हे आणि नुसते मांसही नव्हे. घरचे जेवण द्यायचे असल्यास प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. तयार पिल्लांच्या आहाराबरोबर मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नयेत. जादा कॅल्शियमने मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडे बिघडतात. कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट तर मुळीच नको.

खरोखर बारीक असेल तर

सडपातळ आणि रोगट यांत फरक आहे. बरगड्या, कणा व कमरेची हाडे दुरूनच दिसत असतील, भूक असूनही वजन घटत असेल, तर आधी जंतांचा विचार करावा. हातपाय काटक्या व पोट मात्र नगाऱ्यासारखे, हे जंतांचे ओळखीचे रूप. पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी व सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला वजनाच्या मानाने जंतनाशक द्यावे. हिरड्या पांढुरक्या, अंगात ताप, नाकातून रक्त अशी लक्षणे असतील तर गोचिडांमुळे होणारा ताप असू शकतो. ओकाऱ्या आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर भातखाचरांच्या व पुराच्या पाण्यातून येणारा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, तो माणसालाही होतो. अशा वेळी जादा भात घालून उपयोग नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात जपा

आपल्याकडे पाऊस एकदा धरला की चार महिने फिरणे बंद होते, ताटली मात्र तेवढीच राहते. वजन नेमके तेव्हा चढते. म्हणून जूनपासून अन्न थोडे कमी करावे आणि घरातच वस्तू शोधण्याचे खेळ खेळावेत. मोटारसायकलमागे पळवणे, जिन्यावरून उड्या मारायला लावणे वर्षभर तरी टाळावे. पावसाळ्यानंतर काळ नदीच्या उथळ, स्वच्छ पाण्यात पोहू दिले तर सांध्यांना त्रास न होता व्यायाम होतो.

आज संध्याकाळी आपल्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून एकदा हात फिरवून पाहा. शेजारी काय म्हणतात यापेक्षा तो हात काय म्हणतो ते ऐका. अति तेथे माती, हे ताटलीलाही लागू आहे.