ओईटीची तयारी करणाऱ्या सिस्टरांसाठी

परळी वैजनाथची एक परिचारिका. अंबाजोगाईला वॉर्डात कित्येक वर्षं रात्रपाळ्या काढलेली, कामात हात बसलेला. ब्रिटनला जायचं म्हणून ती ओईटीला बसली. आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठीची ही इंग्रजीची परीक्षा. ऐकणं, वाचणं, बोलणं निभावलं. गाडी अडली ती लेखनात. क्लासमध्ये तिच्याकडून पत्राचे तयार नमुने घोकून घेतले होते. रुग्णाचं नाव आणि आजार बदलायचा, बाकी मजकूर तोच. ती माझ्याकडे शिकायला आली तेव्हा ते नमुने तिला तोंडपाठ होते.

इथेच अनेकींची फसगत होते. लेखनाला ४५ मिनिटं मिळतात, त्यातली पहिली ५ केस नोट्स नुसत्या वाचायला. मग साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र. नोट्समध्ये गरजेपेक्षा जास्त माहिती मुद्दाम दिलेली असते. समजा, ७८ वर्षांच्या आजी खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी निघाल्यात आणि पत्र घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला लिहायचंय. आजींचं अपेंडिक्स लहानपणी काढलं होतं, हे तिच्या काय कामाचं? पण आजी एकट्या राहतात, घरात जिना आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, यातलं काही सुटलं तर पुढची सगळी काळजी चुकते. अशाच पत्रात आमच्या परळीच्या सिस्टरने अपेंडिक्स लिहिलं होतं, जिना गाळला होता.

म्हणून सरावात प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा: हे कळलं नाही तर पत्र वाचणाऱ्याचं काय अडेल? काही अडत नसेल तर नोंद खुशाल गाळावी. पत्राचा हेतू सुरुवातीलाच यावा, त्याला वेगळे गुण आहेत.

बोलण्याच्या परीक्षेत दोन प्रसंग वठवायचे असतात, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटं. आपल्याकडे वॉर्डात ‘घाबरू नका, काही होत नाही’ असं म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळते. गर्दीच्या दवाखान्यात तिचाही इलाज नसतो. पण इन्सुलिन नको म्हणणाऱ्या रुग्णाला इथे आधी विचारावं लागतं, की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? आणि उत्तर येईपर्यंत थांबावंही लागतं. अस्खलित बोलणाऱ्या मुलीही इथे मागे पडतात, कारण रुग्णाचं म्हणणं समजून घेण्यालाही गुण असतात.

ऐकण्याच्या भागात ध्वनिफीत एकदाच वाजते. घरी तीच फीत पुन्हापुन्हा लावून केलेला सराव परीक्षेत उपयोगी पडत नाही.

ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ३५० आणि लेखनात ३०० गुण लागतात. नोंदणीचा फॉर्म एजंटकडून भरून घेतला तरी ईमेल आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा. निकाल त्याच खात्यावर येतो.