०.१२ मोठी की ०.३?

प्रश्न : पाचवीतली माझी बरीच मुलं ०.१२ ही संख्या ०.३ पेक्षा मोठी म्हणतात. नियम सांगूनही चूक सुटत नाही. काय करावं?

उत्तर : बारा तीनपेक्षा मोठे, हा पूर्ण संख्यांचा अनुभव मुलं इथे लावतात, चुकीमागे विचार आहे. म्हणून नियमाआधी प्रश्न द्या : एक रिबन ०.३ मीटर, दुसरी ०.१२ मीटर, लांब कोणती? मीटरपट्टी हातात देऊन मोजू द्या, कापू द्या, वाद घालू द्या. घाई करू नका. ३० आणि १२ सेंटिमीटरचे तुकडे शेजारी ठेवले की ३/१० म्हणजेच ३०/१०० हे मुलंच सांगतात. मग ०.३०५ कुठे येईल, तेही विचारा. रुपये-पैशांनी मात्र सुरुवात नको. तिथे दशांशचिन्हाच्या दोन बाजू दोन वेगळ्या संख्या वाटतात आणि ४.५ रुपये म्हणजे चार रुपये पाच पैसे होऊन बसतात.